खुर्चीच्या पाठीवरचीं अक्षरें

आमच्या डोंगरकड्याच्या घरीं एक जुनी खुर्ची आहे. नांदेडहून हिंगोलीकडे जातांना केळीच्या बागा लागतात, त्याच रस्त्यावर हें गांव आहे. तालुका कळमनुरी; जिल्हा १९९९ सालापासून हिंगोली, तत्पूर्वीं परभणी; आणि माझ्या आजोबांच्या उमेदीच्या काळीं राज्य निजामाचें. एका खुर्चीची गोष्ट सांगावयास बसलेल्या माणसानें गांवाची एवढी वंशावळ कां द्यावी, असें वाचकांस वाटेल. परंतु ती खुर्ची कोणाची, केव्हांची आणि खरी कीं खोटी, हा प्रश्न जेव्हां निघाला, तेव्हां ह्या वंशावळीवांचून माझें एक पाऊलही पुढें पडेना.

प्रश्न निघाला तो असा. गेल्या दिवाळींत मी गांवीं गेलों असतां माझ्या पुतण्यानें मोबाइलवर एक चित्र माझ्यापुढें धरलें. "काका, ही बघा आपली खुर्ची! परदेशांत लिलावाला लाखांनीं जाते." चित्र चंदीगडच्या खुर्चीचें होतें. सागवानी लांकूड, वेताची बैठक, वेताची पाठ, आणि दोन्ही बाजूंचे पाय उलट्या ‘व्ही’ अक्षरासारखे वर एकमेकांस मिळालेले. आमची खुर्चीही सागवानी, तीही वेताची, आणि तिचे मागचे पाय किंचित तिरके. एवढ्या साम्याच्या बळावर ह्या उत्साही तरुणानें एका जुन्या सामानाच्या व्यापाऱ्यास निरोपही धाडला होता, आणि तो गृहस्थ आठ दिवसांनीं येणार होता.

"ही ती नव्हे," मी म्हणालों.

"कशावरून? आणि ही नसेल, तर खरी कशी ओळखायची तें तरी सांगा."

मला उत्तर सुचलें नाहीं. तीस वर्षें महाविद्यालयांत इतिहास शिकविला. राजवाड्यांच्या पिढीनें महाराष्ट्राला अस्सल कागदाची चाड कशी लावली, बनावट महजर कसे ओळखावे, ह्यांवर व्याख्यानें दिलीं. पण सनदेची परीक्षा करणें निराळें आणि खुर्चीची निराळें. सनदेवर शिक्का असतो, मोर्तब असतें, अक्षराचें वळण असतें. खुर्चीवर काय असतें? बसणाऱ्याचें वजन घेऊन ती मुकाट्यानें उभी असते. त्या आठ दिवसांत आणि त्यापुढच्या कांहीं महिन्यांत ह्या प्रश्नाच्या मागें लागून जें हातीं आलें, तें येथें मांडतों.

मूळ हकीकत चंदीगडची. १९४७ च्या फाळणींत लाहोर पाकिस्तानांत गेलें आणि आपल्याकडचा पंजाब राजधानीवांचून राहिला. नवी राजधानी वसविण्याचें ठरलें. आरंभीं आंखणी अल्बर्ट मायर आणि मॅथ्यू नोविकी ह्या दोघांकडे होती. १९५० सालीं नोविकी विमान-अपघातांत गेला, आणि त्या वर्षाच्या अखेरीस तें काम ल कॉर्बूझिए ह्या जगद्विख्यात वास्तुशिल्पज्ञाकडे आलें. कॉर्बूझिए वर्षाकांठीं दोनदां यावयाचा आणि परत जावयाचा. चंदीगडास ठाण मांडून राहिला तो त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे. तो १९५१ सालीं आला आणि १९६५ पर्यंत राहिला. १९६७ सालीं जिनीव्हास त्याचा अंत झाला, तेव्हां त्याच्याच इच्छेनुसार त्याची रक्षा चंदीगडच्या सुखना तलावांत सोडण्यांत आली. एवढा तो त्या गांवचा झाला होता.

ह्याच जानरेनें तरुणपणीं कॉर्बूझिए आणि शार्लोत पेरियाँ ह्यांच्या जोडीनें पोलादी नळ्यांच्या खुर्च्या काढून १९२९ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत खळबळ उडवून दिली होती. नळ्या, क्रोमचा मुलामा, कातडें हा सर्व थाट पंजाबांत व्यर्थ होता. येथें मिळत होतें सागवान, शिसम, वेत, थोडें लोखंड, आणि पुष्कळ सुतार. नव्या सचिवालयाला, उच्च न्यायालयाला, विधानसभेला, विद्यापीठाला, वसतिगृहांना आणि नोकरदारांच्या घरांना हजारों नग हवे होते, आणि खजिन्यांत पैसा बेताचा. तेव्हां जी खुर्ची निघाली ती ह्या अडचणीची खुर्ची होती. सागवानाला वाळवी सहजीं लागत नाहीं. वेताच्या जाळीमुळें उन्हाळ्यांत पाठीला वारा लागतो. आणि ते तिरपे पाय म्हणजे दोन फळ्या एका ठरीव कोनांत जोडण्याचें काम, जें कोणत्याही ठेकेदाराकडचा कोणताही बऱ्या हाताचा सुतार एकदां पाहून करूं शकतो. आज परदेशांत तिला जें अलौकिक सौंदर्य चिकटलें आहे, तें मीं नाकारीत नाहीं. तें सौंदर्य काटकसरीच्या पोटीं जन्मलें, एवढेंच सांगावयाचें आहे.

आतां ह्या खुर्चीचा कर्ता कोण? लिलावाच्या यादींत सरसकट ‘पिएर जानरे’ असें छापतात. वस्तुतः जानरेच्या हाताखालीं, आणि पुष्कळदां त्याच्या बरोबरीनें, हिंदी वास्तुशिल्पज्ञांची एक फळी काम करीत होती. यूली चौधरी, जीत मल्होत्रा, आदित्य प्रकाश हीं त्यांतलीं नांवें. यूली चौधरी ह्या बाईंचा फर्निचरच्या आराखड्यांत हात होता हें आतां सर्वमान्य आहे. अमुक खुर्ची त्यांची कीं जानरेची, हा वाद मात्र कित्येक नमुन्यांच्या बाबतींत मिटलेला नाहीं. आणि आराखडा कोणाचाही असो, खुर्ची घडविली ती निरनिराळ्या कारखान्यांतील सुतारांनीं; वर्षानुवर्षें, निविदा निघेल त्याप्रमाणें. म्हणून एकाच नमुन्याच्या दोन अस्सल खुर्च्यांत हाताची रुंदी अर्ध्या बोटानें कमीजास्त सांपडते. तैलचित्राच्या बाबतींत असा फरक दिसला तर परीक्षक भुंवया उंचावतो. येथें उलट! सगळ्या खुर्च्या सुतासारख्या एकसारख्या निघाल्या, तर त्या एकाच आधुनिक कारखान्यांतून आल्या असाव्या, असा संशय घ्यावा लागतो.

येथें परीक्षेची पहिली पंचाईत आहे. युरोपांत कलाकृतीची पारख करण्याचें शास्त्र वाढलें तें ‘हात’ ओळखण्यावर. मोरेल्ली नांवाचा एक इटालियन पंडित एकोणिसाव्या शतकांत होऊन गेला. चित्रकार कानाची पाळी आणि बोटाचें नख कसें काढतो, एवढ्यावरून तो चित्राचा कर्ता सांगे. चंदीगडच्या खुर्चीला लावावयाला असा कान नाहीं. ज्याचा हात तिच्यावर फिरला त्याचें नांव कोणीं टिपून ठेवलें नाहीं, आणि ज्याचें नांव तिच्यावर लागलें त्याचा हात तिला लागलाच असेल असें नाहीं.

मग परीक्षक काय पाहतात? प्रथम लांकूड. जुनें सागवान तांबूस-काळसर होतें, त्याचें तेल सुकतें, आणि जेथें हात घासतात तेथें तें आरशासारखें गुळगुळीत होतें. मागाहून सांधे: कुसूं हातानें काढलेलें आहे कीं यंत्रानें, भोंकांत पटाशीचे वण आहेत कीं नाहींत. मग स्क्रू: त्यांची खांच एकेरी आहे कीं चौफुलीची. मग झीज. खरी झीज ही विषम असते. उजव्या हाताचें टोंक डाव्यापेक्षां अधिक झिजलेलें असतें, पुढच्या पायांच्या तळव्यांना लादी पुसण्याच्या पाण्यानें काळेपणा आलेला असतो, मागच्या पायांना भिंतीचा चुना लागलेला असतो. बनावट करणारा घाईचा माणूस असतो. तो खुर्ची चारी बाजूंनीं सारखीच जुनी करतो.

ह्यांतला प्रत्येक पुरावा उलटूं शकतो, हें लक्षांत घ्यावयास पाहिजे. कचेरींत तीस-चाळीस वर्षें वापरलेली खुर्ची दुरुस्त झालेली नसेल हें संभवतच नाहीं. वेत तर दर कांहीं वर्षांनीं नवा विणावाच लागतो. तेव्हां चौफुलीचा स्क्रू मिळाला म्हणून खुर्ची खोटी ठरत नाहीं, आणि सगळे स्क्रू एकेरी खांचेचे मिळाले म्हणून खरीही ठरत नाहीं. जुने स्क्रू भंगारांत शेरावर मिळतात.

कोणी म्हणेल, विज्ञानाला विचारा. विचारलें आहे. १९५५ च्या सुमारापासून अणुबाँबच्या चांचण्यांमुळें हवेंतील किरणोत्सर्गी कार्बन वाढत गेला आणि १९६३ च्या आसपास तो जवळजवळ दुप्पट झाला. झाड ज्या वर्षीं जें वलय धरतें, त्यांत त्या वर्षींच्या हवेची खूण राहते. म्हणजे १९५५ सालची म्हणून दाखविलेल्या खुर्चीच्या लांकडांत हा वाढीव कार्बन सांपडला, तर ती खोटी, ह्यांत शंका नाहीं. पण न सांपडला तर? तर लांकूड जुनें आहे, एवढेंच सिद्ध झालें. खुर्ची जुनी आहे हें नव्हे! जुन्या वाड्याची तुळई चिरून काल केलेली खुर्चीही ह्या परीक्षेंत उजळ माथ्यानें उत्तीर्ण होईल. आणि जुन्या तुळयांना ह्या देशांत तोटा नाहीं. आमच्या मराठवाड्यांत तर नाहींच नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपांत जड धाब्यांचीं दगडी घरें माणसांवर कोसळलीं, आणि तेव्हांपासून माळवदाखालीं निजतांना लोकांच्या छातींत धडकी भरूं लागली. ज्याला शक्य झालें त्यानें माळवद उतरवून वर स्लॅब घातला. उतरविलेलें सागवान पडवींत रचून ठेवलें गेलें. आमचेंही आहे.

निपुण हात आणि जुनें लांकूड एकत्र आलें म्हणजे काय होतें, ह्याचा धडा खुद्द फ्रान्सला मिळाला आहे. अठराव्या शतकांतील राजघराण्याच्या म्हणून विकत घेतलेल्या कांहीं खुर्च्या बनावट असल्याचें प्रकरण २०१६ सालीं बाहेर आलें. व्हर्सायचा राजवाडाही त्यांत फसला होता. त्या खुर्च्या करविणारा गृहस्थ त्याच विषयावरचा नामांकित ग्रंथकार होता, आणि घडविणारा सुतार इतका थोर कारागीर, कीं त्याच राजवाड्यासाठीं तो खरीं कामेंही करीत असे. २०२५ सालीं न्यायालयानें दोघांनाही दोषी ठरविलें. ज्यानें परीक्षा करावयाची त्यानेंच प्रश्नपत्रिका फोडली म्हणावयाची!

लांकूड, सांधा, झीज, कार्बन हे सर्व साक्षीदार फुटूं शकतात, तर मग उरलें काय? उरलीं तीं खुर्चीच्या पाठीमागचीं अक्षरें. चंदीगडच्या पुष्कळशा खुर्च्यांच्या पाठीवर, मागच्या आडव्या पट्टीवर, रंगानें उमटविलेलीं कांहीं आद्याक्षरें आणि आंकडे असतात: खातें, खोली, नग क्रमांक, क्वचित् साल. पत्र्यांत अक्षरें कापून वरून कुंचला फिरविलेला. रंग ओघळलेला, अक्षर वांकडें. ज्या कारकुनानें किंवा शिपायानें तें उमटविलें, त्याला कलेशीं कांहींही कर्तव्य नव्हतें. एका खोलींतली खुर्ची दुसऱ्या खोलींत जाऊं नये, एवढीच त्याची विवंचना. आज त्या ओघळलेल्या रंगावर परदेशांतील धनिक भिंग लावून बसतात.

घडविणाऱ्याची खूण आणि वापरणाऱ्याची खूण ह्यांत भेद आहे, आणि तो पाहण्याजोगा आहे. मुंबईच्या इराण्याच्या हॉटेलांत वांकविलेल्या लांकडाच्या ज्या काळ्या खुर्च्या असत, त्यांचा मूळपुरुष म्हणजे व्हिएन्नाच्या थोनेटची १९५९ च्या शंभर वर्षें आधींची, म्हणजे १८५९ ची, चौदा नंबरची खुर्ची: सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. थोनेट बैठकीच्या कड्याच्या आंत आपला शिक्का मारी आणि कागदी चिठी डकवी. ती खुर्ची कोणत्या कारखान्यांत जन्मली हें सांगते. नंतर कोठें नांदली हें सांगत नाहीं. चंदीगडची खुर्ची ह्याच्या नेमकी उलट. तिला माहेर आठवत नाहीं, सासरचें नांव तेवढें ती सांगते.

मधली एक तऱ्हा जॉर्ज नाकाशिमाची. हा जपानी वंशाचा अमेरिकन. तरुणपणीं, चंदीगडच्याही पूर्वीं, तो पाँडिचेरीस अरविंदाश्रमाच्या ‘गोलकोंड’ ह्या इमारतीच्या कामावर होता, आणि तेथील साधें सागवानी सामान त्यानें योजिलें. इमारतीचें तें नांव पडलें त्याचें कारण आमच्या निजामाची देणगी. दिवाण सर अकबर हैदरी ह्यांच्या खटपटीनें ती मिळाली होती. म्हणजे परभणी जिल्ह्याच्या सारापट्टीचा एखादा रुपया त्या सागवानांत जिरला असेल, असें मनांत आल्यावांचून राहत नाहीं. पण हें विषयांतर झालें. पुढें अमेरिकेंत नाकाशिमा नामांकित सुतार झाला, तेव्हां मेजाच्या खालच्या अंगाला तो बहुधा गिऱ्हाइकाचें नांव शाईनें लिही, आणि ऑर्डरींचीं कार्डें कारखान्यांत जपून ठेवी. आज कोणी त्याचें म्हणून मेज आणलें, कीं खालचें नांव आणि कपाटांतलें कार्ड जुळवून पाहतां येतें.

सगळी मेख ह्या ‘जुळवून पाहण्यांत’ आहे. नुसतें अक्षर हा पुरावा नव्हे. पत्रा कापून कुंचला फिरविणें ही सर्व बनावटींत सोपी बनावट. कुसूं काढावयास विद्या लागते, अक्षर उमटवावयास लागत नाहीं. अक्षराला अर्थ येतो तो त्याच्या जोडीची वही सांपडली म्हणजे. अमुक खोलींत अमुक नग, अमुक सालीं आला, अमुक सालीं मोडला, अमुक लिलावांत गेला, असें जेथें लिहिलें आहे ती वही. तिला आपल्या सर्व कचेऱ्यांत ‘डेड स्टॉक रजिस्टर’ म्हणतात. मृत साठ्याची नोंदवही! ज्या खुर्च्यांवर जितीं माणसें दिवसभर बसतात त्यांना मृत म्हणण्याची ही कल्पना कोणाची, देव जाणे.

ह्या वहीशीं माझा जुना परिचय आहे, आणि तो अभिमानास्पद नाहीं. महाविद्यालयांत दर मार्चांत साठ्याची पडताळणी होते. वशिला नसलेल्या प्राध्यापकाला त्या समितीवर घालतात, म्हणून मी पुष्कळ वर्षें तिजवर होतों. एका वर्षीं चाळीसएक जुन्या वेताच्या खुर्च्यांचें निर्लेखन करावयाचें होतें. मीं खुर्च्या पाहिल्या नाहींत. यादी पाहिली, सही केली, चहा घेतला. दोन दिवसांनीं त्या टेम्पोंत चढत होत्या, तेव्हां पाठीवरचे पांढरे आंकडे मला दिसले. ते पहिल्या प्राचार्यांच्या वेळचे होते. त्यांची जुनी वहीही मुदत भरल्यामुळें रद्दींत गेलेली. खुर्ची गेली, वही गेली, आणि दोहोंच्या जाण्यावर सही माझी, इतिहासाच्या प्राध्यापकाची.

चंदीगडास जें झालें तें ह्याहून वेगळें नव्हे, फक्त मोठ्या प्रमाणावर झालें. पोलादी आणि प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. मोडक्या सागवानी खुर्च्यांचे ढीग गच्च्यांवर आणि अंगणांत पावसांत भिजत पडले. मोडींत, जळाऊ लांकडांच्या भावांत गेले. ह्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास पॅरिसचे कांहीं व्यापारी सरकारी लिलावांत येऊं लागले, आणि कायदेशीर पावत्या घेऊन त्यांनीं गाड्याच्या गाड्या भरून नेल्या. त्यांना चोर म्हणण्याची आपल्याकडे प्रथा पडली आहे. मला ती पटत नाहीं. त्यांनीं पाहिलें, आम्ही पाहिलें नाहीं. तेथें गेल्यावर खुर्च्या खरवडल्या गेल्या, चकचकीत झाल्या, नवें कापड ल्याल्या, आणि ह्या सोपस्कारांत कित्येकींच्या पाठीवरचीं अक्षरें नाहींशीं झालीं. पुढें बाजारानें अक्षरालाच किंमत दिली, तेव्हां पुसलेल्यांची हळहळ सुरू झाली आणि नवीं उमटविण्याचा मोहही. अ‍ॅमी सीगल नांवाच्या एका कलावतीनें २०१३ सालीं ह्या खुर्च्यांवर चित्रपट केला. तो श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतून निघतो आणि लिलावघर, दुरुस्तीचा कारखाना, बंदर असा उलट प्रवास करीत चंदीगडच्या कचेरींत येऊन थांबतो. इतिहासाच्या शिक्षकाला ही उलटी वाट ओळखीची वाटावी.

सरकारला जाग आली ती उशिरां. फेब्रुवारी २०११ मध्यें केंद्रीय गृहखात्यानें ह्या सामानाची विक्री आणि परदेशगमन ह्यांवर बंदी घालणारा हुकूम काढला. त्यानंतर बारा हजारांहून अधिक नगांची यादी झाली. पण पुराणवस्तूंचा आपला १९७२ चा कायदा शंभर वर्षें पुरीं झाल्यावांचून वस्तूला पुराण म्हणत नाहीं. १९५५ ची खुर्ची त्या हिशेबानें २०५५ पर्यंत नुसती जुनी खुर्ची. तोंवर तिचा वाली म्हणजे ती यादीच, आणि यादी पुन्हां उभी त्याच पांढऱ्या आंकड्यांवर.

नवी केलेली खुर्ची मात्र सरसकट पाप नव्हे, हें सांगितलें पाहिजे. मुंबईस जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारांत जुन्या धर्तीचें सामान उघड उघड नवें म्हणून मिळतें. इटलींतल्या एका बड्या कारखान्यानेंही २०१९ पासून जानरेला वंदन म्हणून ह्या नमुन्याच्या खुर्च्या काढल्या आहेत. खोटी ठरते ती खुर्ची नव्हे. तिच्याबरोबर सांगितलेली हकीकत.

आतां आमच्या खुर्चीकडे येतों. व्यापारी येण्यापूर्वीं मीं गांवच्या एका वयोवृद्ध सुताराला बोलाविलें. त्यानें खुर्ची पालथी घातली, बोटानें सांधे चांचपले, आणि दोन मिनिटांत निकाल दिला: "सर, मागचे पाय तिरके नव्हते हो. एक पाय मोडला असंल, कुण्या तरी दोन्ही बदलले. आन् भोंक जुनंच ठिवलं, म्हनून ते वाकडे बसले." ज्या तिरकेपणावर पुतण्याचे लाखों रुपये उभे होते, ती एका दुरुस्तीची चूक होती. पंडितांच्या ग्रंथांत मला जें आठ दिवस मिळालें नाहीं, तें त्यानें अंगठ्यानें सांगितलें.

मग ती कोणाची? हें मला लहानपणापासून ठाऊक होतें, आणि नेमकें तेंच मला आतां सिद्ध करतां येत नाहीं. आमच्या भागांतली पोलीस कारवाई सप्टेंबर १९४८ ची. त्यानंतर कांहीं वर्षांनीं तालुक्याच्या कचेरीचें जुनें सामान निघालें, तेव्हां आजोबांनीं ही खुर्ची घेतली, असें ते सांगत. तिच्या पाठीच्या पट्टीवर काळ्या रंगांत उर्दू अक्षरें होतीं, कारण निजामीच्या दफ्तराची भाषा उर्दू. आजोबा उर्दूंतच शिकलेले. ते आम्हां मुलांना बोट ठेवून वाचून दाखवीत: हें तालुक्याचें नांव, आणि हें साल, १३५५ फसली. फसलींत ५९० मिळविले कीं साधारण इसवी सन येतो, म्हणजे १९४५-४६. चंदीगडचा अजून कागदावरही पत्ता नव्हता.

मी ‘होतीं’ म्हणालों. १९८८ सालीं, बहिणीच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यांत, मी कॉलेजांतून घरीं आलों होतों. वऱ्हाडी मंडळी येणार, बैठक नीटनेटकी दिसावी, म्हणून खुर्चीला पॉलिश करण्याचें मीं अंगावर घेतलें. तीं काळीं अक्षरें मला घाणेरडीं वाटलीं. रझाकारांच्या गोष्टी ऐकून वाढलेल्या पोराला तीं केवळ घाणेरडींच वाटलीं असें म्हणणेंही पुरतें खरें नाहीं. कांचकागदानें एका दुपारींत मीं तीं समूळ घासून काढलीं आणि वर चपडीचें पॉलिश चढविलें. संध्याकाळीं आजोबांनीं पाठीच्या पट्टीवरून हात फिरविला, एकदां इकडून, एकदां तिकडून. "तिचा दाखला पुसलास कीं रे," एवढेंच म्हणाले. मला वाटलें, म्हातारपणीं माणसाला कशाचाही जीव लागतो.

आतां त्या खुर्चीची साक्ष देणारें म्हणजे माझें बोलणें. आणि बोलणाऱ्याचा स्वार्थ असतां तोंडी पुरावा किती ग्राह्य धरावा, हें मी दर वर्षीं दुसऱ्या वर्गाला शिकवितों. सुतारानें खुर्ची पालथी घातली, तेव्हां बैठकीच्या चौकटीच्या आंतल्या अंगाला, जेथें माझा कांचकागद पोंचला नव्हता, एक लहानसा काळा डाग दिसला. तो उर्दू पांचाचा आंकडा असूं शकेल. उलट्या बदामासारखा असतो. रंगाचा ठिपकाही असूं शकेल. मीं त्यावर पातळ कागद ठेवून तो उतरून घेतला आणि कागदाच्या कोंपऱ्यांत तारीख घातली.

ठरल्या दिवशीं व्यापारी आला. माणूस सभ्य होता आणि आपल्या धंद्यांत वाकबगार. खुर्ची त्यानें उचललीही नाहीं; दारांतूनच मान हलविली. उर्दू अक्षरांची हकीकत मीं सांगितली ती त्यानें आदरानें ऐकली. अक्षरें असतीं तर हैदराबादकडे एखादा शौकीन भेटला असता, असें म्हणाला. मग पाणी प्यायला तो पडवींत आला, आणि तेथें रचलेल्या माळवदाच्या तुळया पाहून थबकला. खिशांतून लहान चाकू काढून त्यानें एकीचा काळा पापुद्रा नखाएवढा खरवडला, आंतला तांबूस रंग पाहिला, वास घेतला. "किती आहेत?" त्यानें विचारलें. त्यांचें काय करणार, हें मीं विचारलें नाहीं. त्यानें सांगितलेला भाव चांगला होता. पुतण्यानें माझ्याकडे पाहिलें.

तुळया अजून पडवींतच आहेत. भाव होळीपर्यंत तोच राहील, असा त्याचा निरोप आला आहे.